सुजाताचं विरजण

सुजाता गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुधाला विरजण लावत होते. किती वेळ तशीच उभी राहिले कोण जाणे… मग दूध पार निवायच्या आत घाईघाईने चमचा बुडवला, कारण ते विरजण तिनेच दिलेलं होतं.

काळेवाडीत आमच्या इमारती समोरासमोर. तिचे वडील चाकणला कंपनीत, आणि लेक शिकली प्रवाळांवर! समुद्र इथून कुठल्या कुठे. शेजारणींच्या लेखी प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं. "मंगळाला चालेल असं एखादं आण गं," म्हणायच्या. ही हसायची. बेटांवरून आणायची ते नखाएवढे तुकडे, प्रयोगशाळेत त्यांची जनुकं तपासायला. घरी दही लावायचं काम मात्र तिचंच. संध्याकाळी समोरच्या खिडकीत विरजण लावताना दिसायची. एकदा म्हणाली, "अख्खा खडक प्रवाळांनी भरलेला दिसतो, पण तपासलं की कळतं, सगळे एकाच प्रवाळाचे तुटून रुजलेले तुकडे. तुझ्या-माझ्या दह्यासारखे, एकाच विरजणाचे." मी म्हटलं, "मग चांगलंच की!" "चांगलं कसलं? पाणी तापलं की सगळे एकदम पांढरे पडून मरतात. लांबून वाहत आलेलं, वेगळ्या वाणाचं काही मिसळलेलं असलं, तर थोडे तरी तगतात."

हे सगळं ऐकलेलं असूनही ती गेल्यावर मी हट्टाला पेटले. दही आंबट झालं तरी नवऱ्याला बाहेरचं आणू दिलं नाही. तिने दिलं होतं तस्सं राहायला हवं होतं मला. वेडेपणाच तो. पण तिची फार आठवण येते हो…

परवा तिची आई वाटी घेऊन आली. "दवाखान्याच्या धावपळीत आमचं विरजण गेलं गं. तिनं दिल्यालं तुझ्याकडं हाय ना?" मी वाटी भरून दिली. काकूंनी तिथेच बोट लावून चाखलं.

"तसं न्हाई लागत."

"बाहेरचं काहीच घातलं नाही हो मी, काकू," मी घाईने म्हटलं.

"तुझ्या घरचं कायतरी मिसळलंय ह्यात." त्यांनी पुन्हा चाखलं, डोळे पुसले. "बरं झालं बाई. न्हाईतर हे बी गेलं असतं तिच्यासंगं."

वाटी पदराखाली झाकून त्या जिना उतरल्या. आता रोज संध्याकाळी दूध कोमट झालं की मी समोरच्या खिडकीकडे बघते. तिथे काकू उभ्या असतात, सुजाताच्या जागी.