मीटरताईंची खुर्ची

मीटरताई राज्याच्या विधानसभेत निवडून आल्या, तेव्हा शहाण्यासुरत्यांनी कपाळाला हात लावला. बावीस वर्षं दुकानात कापड मोजणारी बाई, ती कायदे काय करणार! पण ताईंना कायदा करायचा होता एकच, तोही दीड ओळीचा. दुकानात काम करणाऱ्याला बसायला खुर्ची मिळावी.

त्यांच्या दुकानात गिऱ्हाईक असो नसो, काउंटरमागे जरा टेकलं की मालक खेकसायचा. बटणांच्या काउंटरवर त्यांच्या थोरल्या जाऊबाई अजून उभ्याच होत्या. संध्याकाळपर्यंत पाय असे सुजायचे, की चपलेचे पट्टे कातड्यात रुतायचे. त्यांच्या निवृत्तीला आठ वर्षं होती. “त्याच्या आत मला बसव बाई,” एवढंच त्यांनी धाकट्या जावेकडे मागितलं होतं.

चार वर्षं सगळ्या पक्षांचे उंबरठे झिजवून ताईंनी एकेक मत जमवलं. विधेयक मतदानाला आलं, हात वर झाले, मोजणी झाली. दोन्हीकडे सारखीच मतं! बरोबरीत अध्यक्षांचं निर्णायक मत रिवाजाप्रमाणे विरोधात, म्हणजे विधेयक नामंजूर. कमी पडलेलं एक मत कुणाचं? खुद्द ताईंचं.

जित्याची खोड, दुसरं काय! ताईंना बसवायचंच नाही. सभागृहातही त्या मागच्या खांबाला टेकून उभ्या राहायच्या. त्या दिवशी छातीत धडधडायला लागलं, तशा त्या आपसूक खांबाजवळ गेल्या आणि तिथूनच हात वर केला. नियम मात्र असा, की आपल्या जागेवर बसलेल्याचंच मत धरायचं.

“ताई, आपण जागेवर नव्हता. माझा नाइलाज आहे,” अध्यक्ष म्हणाले.

वर्तमानपत्रांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. ताई तडक जाऊबाईंकडे गेल्या आणि ढसाढसा रडल्या. जाऊबाई गरम पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

“बावीस वर्षं उभं राहून तुझं भागलं नाही होय गं?” त्या म्हणाल्या. “आता मोठ्या सभागृहात जा. पण आधी बसायला शीक.”

मग दर रविवारी त्यांनी ताईंपुढे मटारची टोपली ठेवली आणि लाकडी खुर्चीवर बसवलं. सगळे मटार सोलून होईपर्यंत उठायचं नाही. पहिल्या रविवारी ताई नऊदा उठल्या. पुढच्या निवडणुकीत त्या देशाच्या संसदेत पोहोचल्या, तोवर आख्खी टोपली एका बैठकीत संपत होती.

तिथे विधेयक यायला आणखी अडीच वर्षं गेली. मतदानाच्या दिवशी ताई सकाळपासून जागेवर. चहालाही उठल्या नाहीत.

“जरा पाय मोकळे करून या,” शेजारचे खासदार म्हणाले.

“बावीस वर्षं मोकळेच होते हो.”

विधेयक अकरा मतांनी मंजूर झालं. ताई मात्र सभागृह रिकामं होईपर्यंत उठल्याच नाहीत, न जाणो पुन्हा मोजायचं निघालं तर!

कायदा लागू झाला, तेव्हा जाऊबाईंच्या नोकरीचे चाळीस दिवस उरले होते. ताई दुकानात गेल्या. बटणांच्या काउंटरमागे कोरी खुर्ची होती, प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. जाऊबाई तिच्या शेजारी उभ्या.

“होतच नाही गं बसायला,” त्या ओशाळून म्हणाल्या. “मालक बघतोय असंच वाटतं.”

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी प्लास्टिक टराटरा फाडलं, जाऊबाईंना खांदे धरून खुर्चीवर बसवलं आणि स्वतः काउंटरच्या अलीकडे येऊन उभ्या राहिल्या.

“सहा पांढरी बटणं द्या.”

जाऊबाई उठायला लागल्या.

“बसूनच द्या, जाऊबाई.”

जाऊबाईंनी एकदा मालकाकडे पाहिलं. मग डबा मांडीवर घेतला आणि बसूनच सहा बटणं मोजली.