वाळूचा शेक

जपानमधल्या त्या किनाऱ्यावर मी गळ्यापर्यंत गरम वाळूत पडले होते. फावड्याने वाळू घालणाऱ्या बाईंनी माझ्या मानेपाशी घालायची मूठभर वाळू आधी स्वतःच्या मनगटावर पाहिली, आणि मला आई आठवली. कढईत तापवलेल्या वाळूची पुरचुंडी ती आधी स्वतःच्या गालाला लावायची, मगच माझ्या पाठीला. पाठ अजून दुखते, पण शेक दे म्हणावं असं आता कुणी नाही.

नंतर जेवण आलं. भात, भाजलेला मासा, मुळ्याचं लोणचं. आईच्या नावाचा पहिला घास मी नेहमीसारखा कडेला काढून ठेवला. त्याच बाई काळजीने वाकल्या. आवडलं नाही का, असं त्यांनी खुणेनेच विचारलं.

"आईसाठी आहे हो," मी मराठीतच म्हणाले आणि आभाळाकडे बोट केलं.

त्या आत गेल्या. वाफाळता चहा घेऊन आल्या आणि त्या घासाशेजारी ठेवला. पण ठेवण्याआधी कप त्यांनी मनगटाला लावून पाहिला.