गोधडीखालचा माईक

भाजे गावात हौशीरामभाऊंच्या शेजारी राहायचं म्हणजे घरात फुकटचा भोंगा बाळगायचा. मी भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून सांगतो. बैलगाडा शर्यतीचे निवेदक म्हणून भाऊंनी मावळातले सगळे घाट, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्ट्या, गाजवले. गाडा सुटला की त्यांची 'भिर्रर्र' ही आरोळी अशी उठते की बैलांच्या आधी माणसंच पळायला लागतात. माणूस गुणाचा, पण आवाज बारीक करायची कळ बसवायला देव विसरला. जेवताना मीठ मागतात तेसुद्धा गाडा पुकारल्यासारखं. मग त्यांच्या कारभारीण बयावहिनी मुकाट्यानं मीठ ठेवतात आणि मागच्या परड्यात निघून जातात.

यंदा डॉक्टरांनी भाऊंचा घसा बघून बजावलं, की आता आरोळी बंद. आरोळी सोडून आपल्याला दुसरं काय येतं, या धास्तीनं भाऊ खचले. तेवढ्यात पुण्याच्या शुभदाताईंचा फोन आला. त्या पुस्तकं वाचून घेऊन लोकांना ऐकवण्याचं काम करतात आणि त्यांनी भाऊंना घाटावर ऐकलं होतं. "गावाकडच्या गोष्टींचं पुस्तक आहे. दोन पानं कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून पाठवा, मग ठरवू," म्हणाल्या. भाऊंचा आनंद मला भिंतीपलीकडून कळलाच. हे काम मिळालं नाही, तर भाऊ ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला जुन्या शर्यती सांगणार होते, आणि पहिला बळी मी होतो.

आता माईक घ्यायचा. आमच्याकडे ही काही खाजगी बाब नाही. पारावर सगळे जमले. घाटावर भोंगे लावणारा आकाश म्हणाला, "भाऊ, मोठा मिक्सर घ्या, दोन बॉक्स घ्या, वरनं एको टाका. आवाज पार मळवलीपातूर जाईल बगा." शुभदाताई पुण्यात बसतात, शेजारच्या मळवलीपर्यंत आवाज नेऊन काय करायचं, हे कोणी विचारलं नाही. भाऊंची सून कोमल लोणावळ्याला एका हॉटेलात नोकरी करते. तिनं लॅपटॉपला थेट जोडायचा, कणसाएवढा स्वस्तातला माईक मागवला, सोबत साधा हेडफोन. "एवढं पुरे. जवळ बसून बोला अन् खोली शांत ठेवा," ती म्हणाली. इतक्या स्वस्तात काम होतं म्हटल्यावर सगळ्यांचा तिच्यावरचा विश्वासच उडाला.

माईक आला. नारळ फुटला. भाऊंनी माईकवर टिचकी मारली, फुंकर घातली, "हॅलो, हॅलो" केलं. आवाज काही मोठा होईना. आकाशनं माईक उलटासुलटा करून पाहिला. "भाऊ, गंडवलं तुमास्नी. परत धाडा."

"आबा, हा आवाज बाहेर सोडत नाही, साठवून ठेवतो," कोमल सासऱ्यांना म्हणाली.

बोललेलं जसंच्या तसं साठवून ठेवतात हे कळल्यावर दोन माजी सरपंच तिथून उठूनच गेले.

गोष्ट होती आजारी लेकराला निजवणाऱ्या आईची. हेडफोन खुंटीला अडकवून भाऊ माजघरात उभे राहिले आणि रीतीप्रमाणे सुरुवात केली: "आजच्या गोष्टीला उपस्थित सन्माननीय सरपंच, उपसरपंच, शर्यत कमिटीचे सर्व पदाधिकारी..." मानपान उरकल्यावर त्यांनी लेकरू असं काही निजवलं की माझ्या गोठ्यातलं वासरू उठून उभं राहिलं. शुभदाताईंनी कळवलं, "काका, आवाज सोन्यासारखा आहे. पण खोली घुमते आहे आणि तुम्ही ओरडताय. आणखी एकदाच पाठवा. सरपंच नकोत."

भाऊंचं तोंड उतरलं. "आपल्याच्यानं हुयाचं न्हाई," म्हणाले. आकाश एको घेऊन पुन्हा हजर झाला होता, त्याला कोमलनं दारातूनच वाटेला लावलं. घुमू नये म्हणून तिनं भिंतींना गोधड्या टांगल्या, खाटेवर गोधड्यांची खोप केली. कमी पडल्या म्हणून माझ्याही मागवल्या. त्या द्यायला गेलो आणि तिथंच थांबलो.

भाऊ गोधडीखाली माईकपुढं बसले. या वेळी कोमलनं हेडफोन त्यांच्या कानाला लावला. पहिल्याच शब्दाला स्वतःचा आवाज कानात असा दणाणला की भाऊ दचकले. आम्ही जन्मभर जे सोसलं, ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलं. त्यांनी आवाज उतरवला. मग आणखी उतरवला.

"नीज माझ्या राजा. मी हितंच हाय."

शेजारी राहून हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. खरं सांगतो, मला भरून आलं. स्वयंपाकघराच्या दारात बयावहिनी पिठाचे हात तसेच धरून उभ्या होत्या.

भाऊ घामाघूम होऊन बाहेर आले. कोमलनं झकास म्हणून मान हलवली. वहिनी मात्र भाऊंकडेच बघत होत्या.

"इतकं हळू बोलता येत व्हतं व्हय तुमास्नी?" त्या म्हणाल्या. "मंग माज्याशी कवाच का न्हाई बोलला?"



पुस्तक भाऊंना मिळालं. माझी मात्र पंचाईत झाली आहे. काल जेवणाच्या वेळी मी भिंतीला कान लावून बसलो. भाऊंनी हळूच काहीतरी मागितलं, मीठच असावं. मग बयावहिनी हसल्या, आणि परड्याचं दार काही वाजलं नाही.