ताईची सीट आणि मोठी चाकं

माझे भावोजी गाड्यांच्या सीटा भरतात. फाटक्या उसवायच्या, आतला कुजका फोम फेकायचा, नवा कापून बसवायचा, वरून कव्हर चढवायचं, यात त्यांचा जन्म गेला. मी त्यांच्याच कारखान्यात शिलाई मशीनवर बसते, त्यामुळे सांगते आहे ते ऐकीव नाही. माझ्या थोरल्या बहिणीचे ते यजमान आणि माझे मालक. म्हणजे त्यांच्यावर तोंडसुख घ्यायचा मला दुहेरी हक्क आहे आणि मी तो कधी वाया जाऊ देत नाही.

कारखाना म्हणायचं एवढंच, आहे तो रस्त्यालगतचा एक लांबट गाळा. एका भिंतीला फोमच्या लाद्या, दुसरीला कापडाचे ठाण, आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास, तो केस धुतले तरी जात नाही. भावोजींची तिथली एक खोड आहे. सीट आली की ते आधी तिच्यावर पंजा टेकवतात, डोळे मिटतात आणि तिच्या मालकाविषयी बोलायला लागतात. "हे गृहस्थ मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवतात, त्यामुळे एका अंगावर बसतात." किंवा, "या बाई टेकून बसतच नाहीत. सदा घाईत." गिऱ्हाईक चाट पडतं. मी म्हणते, "भावोजी, लोक हात बघून सांगतात, तुम्ही बूड बघून सांगता." ते मान वर न करता म्हणतात, "हात खोटा बोलेल."

ताईची गोष्ट यापेक्षा अवघड. ती बेकरीच्या काउंटरवर वर्षानुवर्षं उभी राहिली आणि पाठीने एक दिवस हात टेकले. उभी राहिली तर ठीक, आडवी झाली तर ठीक, बसली की कळ. जेवायची ओट्याशी उभ्याने. पाहुणे आले की तीही उभी आणि ओशाळून तेही उभे. बसचा प्रवास तर सुटलाच. तिच्या लेकीने समुद्राकाठच्या शहरात घर घेतलं, ते ताईने फोनवरच्या फोटोतच पाहिलं होतं. स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला आहे, एवढंच ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. ते घर एकदा डोळ्यांनी बघायचं, दुसरं काही तिला नको होतं.

अशात एका जुन्या गिऱ्हाइकाने आपली स्पोर्ट्स कार विकायला काढली आणि भावोजींनी ती घेतली. गडद निळी, लांब नाकाची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी आणि आत मोजून दोन माणसांची जागा. मी म्हटलं, "या वयात? म्हातारचळ लागला का?" भावोजी हसले आणि बाजूची सीट नटबोल्ट काढून कारखान्यात घेऊन आले.

मग त्यांनी जे केलं ते मी त्यांना कुणासाठीच करताना पाहिलं नव्हतं. ओल्या वाळूची गोणी पसरली, वर प्लास्टिक घातलं आणि ताईला तिच्यावर बसवलं. उठल्यावर जो ठसा राहिला, त्यावरून फोम कापला. खाली कडक थर, वर मऊ, माकडहाडाखाली खळगा, कमरेशी थोडा उंचवटा. कापायचे, तिला बसवायचे, तिचं तोंड बघायचे, पुन्हा कापायचे. शेवटी एकदा ताई बसली आणि काही बोललीच नाही. बराच वेळ तशीच बसून राहिली. मला वाटलं दुखतंय. तर म्हणाली, "अहो, मी उठायचं विसरले."

दर रविवारी ते दोघं तळ्यापर्यंत फेरी मारायला जायला लागले. जाताना ताई झाडं बघायची आणि येताना झोपायची. रात्री तिला धड झोप कुठली, तर ती इथे भरून काढायची. भावोजींना ते जरा लागायचं. "एवढी गाडी, आणि ही घोरते," असं मला दर सोमवारी ऐकवायचे. पण त्यांच्या डोक्यात आता मोठा बेत होता. पावसाळा सरला की त्याच सीटवर तिला लेकीकडे न्यायचं.

सगळं सुरळीत चाललं असताना शेजारच्या गाळ्यातला रंगारी कडमडला. गाड्या रंगवणारा माणूस, त्याला सगळं चकचकीत लागतं. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "एवढी देखणी गाडी आणि पायात स्लीपर?"

चाकं खरंच लहान होती. वरच्या कमानीत चार बोटं मोकळी दिसायची. आजवर ती कुणाला दिसली नव्हती, आता भावोजींना दुसरं काही दिसेना. डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. टायरवाल्याने सरळ सांगितलं, "रिम मोठी घेतली की रबर पातळ होणार. दिसायला एक नंबर, पण रस्ता लपणार नाही. हवा कमी ना आत." भावोजी म्हणाले, "रस्त्याचं मी बघतो. गादी भरणं माझं काम आहे."

खोटं कशाला बोलू, मोठ्या चाकांवर गाडी झकास दिसायला लागली. मीसुद्धा जाताना वळून पाहिलं. भावोजी तर रोज सकाळी चहाचा कप घेऊन खाली उतरायचे आणि तिच्याकडे बघत उभे राहायचे. चहा गार व्हायचा. रंगाऱ्याने येऊन पाठ थोपटली.

पहिल्या रविवारनंतर ते कारखान्यात आले तेच फुलून. "काल ती झोपलीच नाही. जाताना, येताना, सगळा वेळ बोलत होती. तिच्या लहानपणचं, बेकरीतलं, तुझ्या खोड्या, काय काय. आता आवडायला लागली गाडी तिला. चाकांचा गुण बघ."

ताई माझ्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर राहते. संध्याकाळी मी तिच्याकडे डोकावले. ती जमिनीवर पाठ टेकून पडली होती, पाय खुर्चीवर ठेवलेले.

"काय झालं गं?"

"काही नाही. ती चाकं. रस्त्यात भेग दिसली की मी आधीच दात आवळते."

"मग सांग ना त्यांना."

"खबरदार बोललीस तर. जन्मभर लोकांच्या बुडाखाली गाद्या सरकवल्या त्यांनी. एक हौस केली स्वतःसाठी. सकाळी खाली उभे असतात तेव्हा मी वरून बघते. किती खुश असतात."

"आणि बडबड कसली करत होतीस एवढी?"

"बोलत राहिलं की कण्हणं बाहेर पडत नाही," ताई म्हणाली आणि तिने मला शपथ घातली.

माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ही मात्र ठेवावी लागली आणि तिने मला आतून पोखरलं. मशीनवर सुया मोडायला लागल्या. भावोजी गाणं गुणगुणत आले की माझं टाळकं सरकायचं. पण रागवायचं तरी कुणावर? या दोघांची रीतच तशी. एकाने विचारायचं, "बरं आहे ना?" आणि दुसऱ्याने म्हणायचं, "छान." त्या घरात हा शब्द मिठासारखा सगळ्यात पडतो.

गाडी आदळते हे काही दिवसांनी भावोजींच्याही लक्षात आलं. मग त्यांनी त्यांना येतं ते केलं. दोन्ही सीटांवर फोमचा आणखी एक थर चढवला. भागलं नाही, म्हणून त्यावर दुसरा. ताईचा खळगा, उंचवटा, सगळं त्या थरांखाली गाडलं गेलं आणि दोघांची डोकी छपराला टेकली. तसे मान तिरकी करून ते तळ्याकडे निघाले, तेव्हा मी गॅलरीतून बघून आधी हसले आणि मग मला कसंतरीच झालं. आल्यावर भावोजींनी विचारलं, "बरं आहे ना आता?" ताई म्हणाली, "छान."

पावसाळा सरला. भावोजींनी लेकीकडे जायचा दिवस ठरवला. ताई म्हणाली, "पुढच्या महिन्यात बघू." पुढच्या महिन्यात म्हणाली, "तिच्याकडे सध्या गडबड असेल." भावोजींना काही उमगेना. जिच्यासाठी एवढा आटापिटा केला तिलाच जायचं नाही, म्हणून ते मनातून खट्टू झाले. मला म्हणाले, "लेकीवरची मायाही पातळ झाली का हिची?" मी कात्री इतक्या जोरात टेबलावर आपटली की त्यांनी विषय बदलला.

तरी माणसाने हार मानली नाही. ताईच्या सीटला नवं कव्हर घालू, आकाशी कापड आणि पांढरी शिलाई, म्हणजे तिला निघावंसं वाटेल, असं त्यांनी ठरवलं. सीट पुन्हा कारखान्यात आली. कव्हर उतरवून त्यांनी ते मला मापासाठी दिलं आणि सवयीने फोमवर पंजा टेकवून डोळे मिटले.

मी मशीन थांबवली.

त्यांनी पंजा मधून कडेकडे नेला. पुन्हा मधे आणला. वरचे दोन्ही थर काढून खाली चाचपलं. मग माझ्याकडून कव्हर मागून घेतलं आणि उजेडात धरलं. दाराकडच्या कडेची पायपिंग, म्हणजे शिवणीतली गोल किनार, चेपून सपाट झाली होती आणि शिलाईचा दोरा बोटांनी घासून पिंजारला होता. ते उठले, बाहेर गाडीपाशी गेले, आत वाकले. ताईच्या पायाखालच्या चटईत टाचांनी दोन खड्डे पाडले होते.

परत आले ते फोमच्या लादीवर बसले.

"ती बसलीच नाही यावर," ते म्हणाले. "हाताने कड धरून, टाचा रोवून, अंग उचलून धरायची. तळ्यापर्यंत. आणि परत."

मी मशीनच्या सुईत उगाच दोरा ओवायला लागले.

"तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती तिने."

ते चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. नुसते म्हणाले, "मला वाटलं, गप्पा मारते आहे." आणि त्यांचे डोळे भरून आले. मी लग्नात पाहिल्यापासून या माणसाला कधी रडताना पाहिलं नव्हतं. मी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिले.

जुनी चाकं जिन्याखाली पडून होती. त्याच दुपारी ती टायरवाल्याकडे गेली आणि गाडीखाली बसली. फोमचे वरचे थर निघाले, खळगा मोकळा झाला. आकाशी कव्हर मी जेवण सोडून शिवून दिलं.

संध्याकाळी ताईने खिडकीतून पाहिलं आणि कठडा धरत खाली आली. "अहो, चाकं का काढली? छान दिसत होती."

"दिसत होती," भावोजी म्हणाले. "पण गाडीत बसल्यावर चाकं दिसत नाहीत. आपण बसायलाच घेतली ना गाडी?"

ताईने माझ्याकडे बघून असे डोळे वटारले की बस. मी म्हटलं, "माझ्या तोंडून ब्र निघालेला नाही. तुझ्या सीटनेच चुगली केली."

ती हसली नाही. कव्हरवरून हात फिरवत राहिली. मग भावोजींना म्हणाली, "तुमची एवढी हौस होती."

"हौस भागली," ते म्हणाले. "चाकं चांगलीच आहेत. त्यांचंही काहीतरी करू."

आणि केलं. चारही चाकं कारखान्यात आडवी टाकली, प्रत्येकावर गोल गादी बसवली, आणि आता गिऱ्हाइकं त्यांच्यावर बसून चहा पितात. सगळ्यात आधी रंगारी येऊन बसला. "पुन्हा स्लीपर?" त्याने विचारलं. भावोजी म्हणाले, "तू बसलायस त्याच्यावर कसं वाटतंय?" तो म्हणाला, "मस्त." "मग झालं तर."

रविवारी येताना ताई पुन्हा झोपायला लागली. "गप्पा गेल्या," भावोजी सोमवारी म्हणाले. त्या गप्पा त्यांना खरंच आवडल्या होत्या, हे त्यांच्या आवाजात मला ऐकू आलं. मी म्हटलं, "मग घरी मारा की." हल्ली संध्याकाळी ताई ओट्याशी उभी राहून जेवते तेव्हा तेही ताट घेऊन शेजारी उभे राहतात. वर माझ्यापर्यंत आवाज येतो. काय बोलतात ते कळत नाही, पण 'छान' कमी ऐकू येतं.

लेकीकडे जायला ते एका सकाळी निघाले. मी दिवसभर मशीनवर होते, पण लक्ष सगळं फोनकडे. दुपार कलल्यावर भाचीचा फोन आला. घाबरी झाली होती.

"मावशी, बाबांना काय झालंय? दारावरून पुढे निघून गेले. मला वाटलं घर चुकले. मागे आले, मी हात केला, तर परत पुढे गेले. आता पुन्हा कोपऱ्यावरून वळतायत."

"तुझ्याकडे बघितलं त्यांनी?"

"बघितलं. ओठांवर बोट ठेवलं आणि गेले."

"आणि आई?"

"शेजारी आहे. डोळे मिटलेत, तोंड जरासं उघडं."

"अगं, झोपली आहे ती," मी म्हटलं. "गाडी थांबली की जाग येईल तिला. स्वयंपाक झाकून ठेव आणि हाका मारू नकोस. उठली की येतील."

फोन ठेवून मी मशीनवर डोकं टेकलं आणि मनसोक्त रडले. घर लेकीचं, आस ताईची, पण त्या दिवशी ते तिने सगळ्यात शेवटी पाहिलं. तोवर भावोजींना त्या गल्लीतलं एकूण एक दार पाठ झालं होतं.