रोजचा भात

बैलगाडी जुंपून झाली होती, आणि मोठ्या मायने आणून ठेवलेलं तुरीच्या डाळीचं गाठोडं बाबा खाली उतरवत होते. सोबत ज्वारीची अर्धी गोणी, जवसाच्या चटणीचा डबा, शेंगदाण्यांची पिशवी. सगळं एकेक करून परत ओसरीवर गेलं. "तिकडं भात भेटते, वहिनी. रोज भात! हे वझं कायले?" बाबा हसत म्हणाले. मोठी माय, म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. तिने माझ्या ओच्यात मूठभर शेंगदाणे टाकले आणि कडेवरच्या गजूचा मुका घेतला. गजू माझा धाकटा भाऊ, तेव्हा जेमतेम बसायला लागला होता. घाटंजीपर्यंत गाडीने, पुढे यवतमाळची मोटर, मग धामणगावला आगगाडी. भिलाईला कारखाना उभा राहत होता आणि बाबांना तिथे काम लागलं होतं.

हे लिहितेय ते तुमच्यासाठी, जे घाटंजीकडेच राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे आमच्यासारखेच पोटामागे कुठे कुठे पांगलात. लग्नाकार्यात आपण भेटतो आणि पंगतीत कोणीतरी टोमणा मारतंच, "तुम्हाले काय बापा, भिलाई गोड लागली. शेत होतं, घर होतं, तरी वापस नाही आले." माय होती तोवर ती खाली मान घालून जेवायची. ती गेली. आता मी बोलते.

आधी भाताचं सांगू द्या, कारण आजच्या पोरांना ते कळणार नाही. आपल्या गावात भात रोज शिजत नसे. भात म्हणजे लग्न, नाहीतर पाहुणा, नाहीतर तापातून उठलेलं माणूस. कोणाच्या घरून भाताचा वास आला की शेजारीण कुडावरून विचारायची, "कोन आलं वं?" एरवी आपली भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, सकाळी ताकातल्या कण्या. थंडीत तुरीच्या शेंगा उकडल्या की आम्ही पोरं टोपल्याभोवती बसायचो आणि सालांचा ढीग पडायचा. बकरीचं दूध लहानग्यांना. हे सारं आम्हाला गरिबाचं खाणं वाटायचं. खरं सांगते, त्या खाण्याची लाजच वाटायची.

आणि भिलाईला पोचलो तर काय, रोजचाच पाहुणचार! कामगारांच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत राहायचो, नळावर तेलुगू, पंजाबी, छत्तीसगढी बायकांची भांडणं ऐकायचो, पण ताटात पांढराशुभ्र भात. ज्वारी तिथे मिळतच नव्हती आणि तुरीची डाळ परवडायची नाही. माय भात चांगला मोकळा व्हावा म्हणून सगळी पेज मोरीत ओतायची. पाहुण्यांसाठी भात करायची हीच तर रीत तिला ठाऊक होती. बाबा गावी निरोप धाडायचे, "माह्ये लेकरं दोन्ही टाइम भात खातात." तुम्ही तो निरोप गावभर सांगितलात, हेही मला ठाऊक आहे.

वर्षाच्या आत मायला पुन्हा दिवस गेले. पोटुशी बाईचं दूध अंगावरच्या लेकराला विख होतं, असं आपल्याकडे मानत. मायने कडुनिंबाचा पाला वाटून छातीला लावला आणि गजूला अंगावरून तोडलं. दोन-चार दिवस त्याने आकांत केला. मग भातावर राहिला. भात आणि मीठ, भात आणि साखर, कधी चहात बुडवलेला टोस्ट. हळूहळू तो रडायचाच बंद झाला. बसवावं तिथे बसून राहायचा. नळावरच्या बायका म्हणायच्या, "कितना सीधा बच्चा है." मायला वाटायचं, गुणाचं लेकरू आहे माझं.

दिवाळीला गावी आलो तेव्हाचा दिवस तुमच्यातल्या थोरांना आठवत असेल. गजूचे गाल वर आले होते, हातपाय भरले होते, रंग उजळला होता, केस मक्याच्या तुऱ्यासारखे भुरे झाले होते. अंगणात ही गर्दी! "बाळसं धरलं पोट्ट्यानं!" "सायबाचं पोर दिसून राह्यलं!" "भिलाई मानवली बाई याले." गजूच्याच वयाची तुमची पोरं काटकुळी, काळी, नाक गळणारी, अंगणभर धुडगूस घालत होती. त्यांच्या आया आपल्या पोरांकडे बघून हळहळल्या. माय किती सुखावली होती! तिने मोठ्या मायला मीठ-मोहऱ्यांनी गजूची दृष्ट काढायला लावली.

पायातले चांदीचे वाळे घट्ट झाले म्हणून मोठ्या मायने ते साबण लावून काढले. काढताना अंगठा रुतला तो रुतलाच. घोट्यावर खळगा पडला आणि भरेना. मोठ्या मायने दुसऱ्या पायावर दाबून पाहिलं. तिथेही तसाच. पिठाच्या गोळ्यावर बोट उमटावं तसं ते दिसत होतं. ती म्हणाली, "हे बाळसं नाही, बाई. हे काई तरी येगळं हाय. याले माह्यापाशी ठेव महिनाभर." तिने भाकर कुस्करून वरणात कालवली आणि त्याच्यापुढे धरली. गजूने तोंड फिरवलं.

गजूचं पुढचं सगळं त्या दिवशी ओसरीवर जे ठरलं त्यावरच होतं. माय राहायला तयार होती. बाबांची रजा संपत होती, मायचं बाळंतपण जवळ आलं होतं, आणि खेड्यात सोडून जायचं तर शहरात कशाला गेलो, असं बाबांना वाटलं. "तिकडं मोठा दवाखाना हाय. डाक्टर हायेत. इथं काय हाय?" त्यात खोटं काहीच नव्हतं. बाबांना मी दोष देत नाही. आम्ही निघालो.

दवाखान्यातल्या डॉक्टरने गजूच्या पायावर अंगठा दाबला आणि विचारलं, "क्या खिलाती हो?" मायचा चेहरा आजही माझ्यापुढे येतो. ती ताठ बसली, पदर सावरला आणि अभिमानाने म्हणाली, "भात, साहेब. दोन्ही टाइम. पोटभर." डॉक्टरांनी गजूचा पाय हलकेच खाली ठेवला. मग म्हणाले, "ये सूजन है. पेट भरा है माँ, पर बच्चा भूखा है. दाल चाहिए, दूध चाहिए." मायला वाटलं तिला हिंदी नीट कळली नाही. घरी येऊन तिने बाबांना तीनतीनदा विचारलं, "उपाशी काहून म्हणते तो? माह्यं लेकरू उपाशी कसं?"

त्यानंतर बाबांनी कुठून कुठून डाळ आणली, दूध लावलं. गजूच्या पोटात ते ठरेना. थंडी पडली, छाती भरली, आणि एका सकाळी तो गेला. लहान लेकरू म्हणून जाळला नाही. कॅम्पाच्या मागच्या नाल्याकाठी बाबांनी आणि शेजारच्या दोघांनी त्याला पुरलं. गावाकडचं कोणी नव्हतं. पंधरवड्याने सुमन जन्मली.

सुमनला मायने पहिला घास वरणाचा दिला. कॅम्पात वऱ्हाडातलं नवं बिऱ्हाड आलं की माय तिथे जायची, लेकराचा पाय मांडीवर घ्यायची आणि अंगठ्याने दाबून बघायची. "बाळसं आलंय" असं कोणी म्हटलं की तिचं तोंड उतरायचं. पेज फेकू नका, दूध तोडलं तर डाळ द्या, पोर गप्प झालं तर खूश होऊ नका, एवढंच ती सांगे. काही बायका ऐकत. काही म्हणत, हिला वेड लागलंय. वेड होतंच. पण त्या वेडामुळे काही पोरं तरली, आज ती नातवंडं खेळवतायत.

पुढे मोठे बाबा, म्हणजे माझे मोठे काका, स्वतः भिलाईला आम्हाला न्यायला आले. शेताला माणूस हवं होतं. बाबांचा जीव तिकडेच होता, ते लगेच तयार झाले. सामान बांधलं. माय खोलीच्या दारात बसून राहिली आणि म्हणाली, "तुमी जा समदे. एक लेकरू हाय माह्यं इथं. त्याले उपाशी धाडलं, आता एकटं टाकू का?" बाबांनी मुकाट्याने गाठोडी सोडली. मोठे बाबा एकटेच परत गेले, आणि गावात काय सांगावं हे त्यांना सुचलं नसणार.

म्हणून आम्ही आलो नाही. कोणी गाव विचारलं की मी अजून घाटंजी सांगते, तुरीला बहर आला असेल म्हणून दर हिवाळ्यात जीव कासावीस होतो. पण घर माझं भिलाईच. पुढे तो नाला बुजवला, त्यावर क्वार्टर उभे राहिले, रस्ते निघाले. गजू नेमका कुठे आहे ते मायला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. जागा ठाऊक असती तर ती कदाचित कधीतरी निरोप घेऊन निघालीही असती. ठाऊक नव्हती, म्हणून तिला सगळी भिलाईच धरून बसावं लागलं.