बाभळीची पूजा आणि पिंपातली आवळी

हरिभाऊ सोवनी जयपूरच्या एका कॉलेजात गणित शिकवत, पण तिथल्या मराठी मंडळींत त्यांचं नाव होतं ते सहलींसाठी. गणितात हा माणूस फार हुशार आहे, असं त्यांचे विद्यार्थी सांगत. मंडळी ते ऐकून घेत. सहलीला जेवढी माणसं निघाली तेवढ्या जागा बसमध्ये असल्याचं कुणी कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे विश्वास ठेवणं जरा जड जाई.

त्रेपन्न साली ते मिरजेहून नोकरीसाठी आले, तेव्हा पत्नीला, शकुंतलाबाईंना, त्यांनी शब्द दिला होता. थोडी वर्षं इकडे काढू, तिकडच्या कॉलेजात जागा निघाली की परत. त्या भरवशावर शकुंतलाबाईंनी चांगली पितळेची भांडी माहेरी ठेवली आणि जयपुरात ॲल्युमिनियमवर संसार मांडला. हरिभाऊंनी मात्र पहिल्याच पावसाळ्यानंतर रामगढचा बांध पाहिला आणि ते कामातून गेले.

शहरापासून बसने तासाभराच्या वाटेवर अरवलीच्या डोंगरांत हा तलाव. सगळीकडून डोंगर, एका बाजूला धरणाची भिंत, थंडीत येणारे पाणपक्षी आणि काठाला भाड्याच्या होड्या. पुण्या-मिरजेचे पाहुणे यायचे ते हवामहल आणि आमेरचा किल्ला मनात धरून. हरिभाऊ ते सगळं एका सकाळीत उरकत आणि दुपारी त्यांना होडीत बसवत. उंटावर बसायचं राहिलं म्हणून हळहळणारी माणसं मिरजेत अजून सापडतील. ‘राजस्थानात पाणी नाही म्हणता ना? आता बघा,’ असं हरिभाऊ अशा थाटात म्हणत, की तलाव त्यांनीच घरून आणला असावा.

पंचावन्नच्या कार्तिकात त्यांनी जाहीर केलं, यंदा आवळीभोजन रामगढला. आवळीच्या झाडाची पूजा करायची आणि तिच्या सावलीत पानं मांडून जेवायचं, ही आपल्याकडची पद्धत. इतक्या दूर येऊन पडलेल्या मंडळींना ते नुसतं ऐकूनच भरून आलं. लष्करी छावणीतले सुभेदार संभाजी जगदाळे तेवढे सावध होते.

‘पण सर, तिथं आवळी हाय का?’ त्यांनी विचारलं.

‘होडीतून स्वतः पाहिली आहे. चांगली डेरेदार आहे.’

गणिताच्या माणसाला झाडं दोनच प्रकारची दिसतात, सावली देणारी आणि न देणारी. बारीक पानं दिसली आणि हरिभाऊंनी आवळी ठरवून टाकली.

सहलीच्या दिवशी बायकांनी उतरल्या उतरल्या बुंध्याला हळदकुंकू वाहिलं, दूध घातलं आणि अनवाणी प्रदक्षिणा सुरू केल्या. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टर प्रभा गुप्ते मध्येच ‘आई गं’ म्हणून खाली बसल्या. त्यांच्या तळव्यातून बोटभर लांब काटा निघाला. मग सगळ्यांनी माना वर करून झाड नीट पाहिलं. फांद्यांना शेंगा लोंबत होत्या. जिची यथासांग पूजा झाली होती ती बाभूळ होती.

‘जाऊ द्या, बाभळीला कधी कुणी कुंकू लावलं असेल? तिलाही बरं वाटलं असेल,’ शकुंतलाबाई म्हणाल्या. हरिभाऊंच्या पानात जिलबी वाढायला मात्र त्या विसरल्या, आणि पंगतीतल्या कुणीही आठवण करून दिली नाही.

पुन्हा अशी शोभा नको म्हणून पुढच्या वर्षी हरिभाऊंनी आवळीचं रोप विकत घेतलं आणि कुंडीसकट बसमध्ये चढवलं. आता झाडाबद्दल शंका नव्हती, फक्त झाड गुडघ्याएवढं होतं. जेवायचं सावलीत, आणि सावली वीतभर. हरिभाऊंनी तोड काढली. वयाने सर्वांत मोठ्या माणसाचं पान सावलीत मांडायचं, बाकीच्यांनी आपापल्या पाळीला येऊन निदान एक घास तिथे खायचा. ऊन सरकलं की पान सरकवायचं. मध्येच त्यांनी कुंडी फिरवून पाहिली. कुंडी फिरवली तरी सावली फिरत नाही, हे त्यांना सुभेदारांनी समजावून सांगितलं.

मंडळी मसालेभाताचा घास हातात घेऊन रांगेत उभी राहात, सावली हुकली म्हणून भांडत आणि हसता हसता ठसका लागून पाणी मागत. जयपुरात वाढलेली पोरं विचारत, ‘मतलब, हे झाडाच्या खाली खायचं आहे की झाडाच्या शेजारी?’ पण दर कार्तिकात सगळे येत. बदली होऊन गेलेली फौजी कुटुंबं तिकडून रजा काढून आल्याचंही एकदा घडलं.

वर्षभर त्या कुंडीला पाणी घालत शकुंतलाबाई. उन्हाळ्यात लू सुटली की तिला जुनं लुगडं पांघरत. पानांवर कीड दिसली की राखही त्याच टाकत. आणि कुणी विचारलंच तर म्हणत, ‘मी कशाला त्या झाडाचं काही करू? ते ह्यांचं खूळ आहे.’

आवळी वाढली. कुंडीतून ती पत्र्याच्या पिंपात गेली, माणसाच्या उंचीची झाली, तिला बसमध्ये मागची जागा राखून ठेवावी लागू लागली. बसचा ड्रायव्हर नंदकिशोर निघताना हाक देई, ‘प्रोफेसर साहब, पेड़जी बैठ गए क्या?’ पेड़जी बसले की बस सुटे.

त्रेसष्ट साली दिवाळीच्या तोंडावर सांगलीच्या कॉलेजातून बोलावणं आलं. मिरज तिथून हाकेच्या अंतरावर. हरिभाऊंच्या मनात जायचं मुळीच नव्हतं. तो तलाव, ती माणसं, तो दरवर्षीचा गोंधळ सोडायच्या विचाराने त्यांना जेवण जाईना. पण दहा वर्षं बायकोला एका शब्दावर बसवून ठेवलं, आता कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं? ‘दिलेला शब्द पाळणार,’ असं ते घरी छाती काढून म्हणाले. शकुंतलाबाई ‘बरं’ म्हणाल्या. दोघांनी मुकाट्याने सामान बांधायला घेतलं. सहलीच्या बसमध्ये गप्प बसलेले हरिभाऊ पाहून मंडळींना धडकी भरली.

आवळी काही आगगाडीने मिरजेला जाणार नव्हती. म्हणून ती तलावाच्या काठीच लावून टाकायची, असं हरिभाऊंनी ठरवलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी कुदळ घेतली. सुभेदार पुढे झाले तर त्यांनाही हात लावू दिला नाही. जमीन खडकाळ, हात खडू धरणारे. खड्डा गुडघ्यापर्यंत गेला तेव्हा त्यांचा सदरा घामाने भिजला होता, आणि त्या निमित्ताने त्यांना डोळेही पुसता येत होते.

शकुंतलाबाई भांडी आवरायची सोडून खड्ड्यापाशी येऊन उभ्या राहिल्या.

‘अहो, बाहेर या.’

‘एवढं लावतो आणि येतो.’

‘इथे लावता? त्या बकऱ्या बघा, आत्तापासून वाट बघताहेत. उद्या पान शिल्लक राहायचं नाही. पिंप बसमध्ये चढवा.’

‘अगं, मिरजेच्या गाडीत एवढं झाड कोण घेऊ देईल?’

‘मिरजेला कोण चाललंय?’

हरिभाऊ कुदळ धरून तसेच उभे राहिले.  शकुंतलाबाई बोलतच राहिल्या.

‘मागच्या कार्तिकात मी माहेरी होते ना. परड्यात केवढी मोठी आवळी. सगळी पंगत सावलीत बसली. कुणाला पान सरकवावं लागलं नाही, कुणी हसलं नाही. जेवले, हात धुतले, झालं. आणि मला सारखं वाटत होतं, इथे तुम्ही आवळी उतरवताना फांदी मोडली तर नाही ना, प्रभाताईंना कुणी आग्रह केला का. एवढी वर्षं परत जायचं म्हणत होते, आणि माहेरच्या पंगतीत बसून मला घरची आठवण येत होती. तुम्हाला सांगायची लाज वाटली.’

‘मग सामान कशाला बांधलंस?’

‘तुम्ही शब्द पाळायला निघालात. म्हटलं, ह्यांनाच जायचं असेल.’

हरिभाऊंना रडू आलं आणि या खेपेला त्यांनी घामाचं निमित्तही केलं नाही. खड्ड्यात उभ्या उभ्या त्यांनी सगळ्यांसमोर बायकोचा हात धरला. त्या काळी ही फार मोठी गोष्ट होती. प्रभाताई तलावाकडे बघू लागल्या, सुभेदारांनी बकऱ्या हाकलायला घेतल्या.

मग हरिभाऊंनी खड्ड्यातून बाहेर उडी मारली आणि कुणी थांबवायच्या आत ते पिंप, जे सकाळी तिघांनी मिळून उतरवलं होतं, एकट्याने उचललं. बसपर्यंत नेलंही. तिथे त्यांची कंबर धरली.

पुढचा आठवडाभर ते घरी पालथे पडून होते. बांधलेल्या सामानातून शकुंतलाबाईंनी पहिली तेलाची बाटली सोडवली आणि त्या रोज त्यांची कंबर चोळू लागल्या.

‘पुढच्या वर्षी रामगढला मुक्कामीच जाऊ या का?’ हरिभाऊंनी उशीत तोंड खुपसून विचारलं.

‘आधी कुशीवर वळून दाखवा,’ शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आणखी थोडं तेल हातावर घेतलं.