पालथ्या हाताची आत्या

इंदूआत्या कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावायची. फ्रिज उघडायचा असो, इस्त्री उचलायची असो की नळ सोडायचा असो, आधी बोटांची मागची बाजू हलकेच टेकवायची आणि मगच ती वस्तू धरायची. "सरळ हाताला करंट लागला तर मूठ आवळते, माणूस चिकटून राहतो. पालथा असला तर झटक्याने सुटतो," हे तिचं शास्त्र घरातल्या प्रत्येकाने ऐकलं होतं, आणि पाहुण्यांपैकी जे दुसऱ्यांदा आले त्यांनीही. मला ताप आला की कपाळालाही ती पालथाच हात लावायची. लहानपणी मला वाटायचं, हिला माझा संशय येतो.

तसा तो येतही असावा, कारण आत्याला जगातल्या सगळ्यांचाच संशय यायचा. जबलपुरात मुलींच्या एका शाळेत तिने आयुष्यभर विज्ञान शिकवलं. लग्न केलं नाही. माझे बाबा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गेल्यावर ती आमच्याकडेच राहायला आली ती एक बॅग आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात टेस्टर, पक्कड, काळी टेप आणि जुन्या वायरींची भेंडोळी. आल्या आल्या तिने आमच्या गिझरकडे असं पाहिलं, जणू तो कॉपी करताना सापडला होता. टेस्टर असताना हात कशाला लावतेस, असं एकदा मी विचारलं. म्हणाली, "टेस्टरचा काय भरवसा? त्याच्यातला दिवा गेला असला तर?"

घरातली वस्तू दुरुस्तीला बाहेर जाऊ द्यायची नाही, हा तिचा नियम. मेकॅनिक चांगला पार्ट काढून घेतो आणि मेलेला बसवतो याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. एकदा मात्र मिक्सरची मोटर जळली आणि तिचा इलाज चालेना, तेव्हा तो गोहलपुरच्या एका दुकानात द्यावा लागला. देण्याआधी आत्याने माझ्या बायकोचं, मीनलचं, लाल नेलपॉलिश मागून घेतलं आणि मिक्सर उघडून आतल्या एकेका पार्टवर ठिपका दिला. चार दिवसांनी मिक्सर परत आला. सगळे ठिपके जागच्या जागी होते. आत्याने भिंग लावून ते बराच वेळ पाहिले आणि मला हळूच म्हणाली, "मुन्ना, हा लाल आपला नाही वाटून राहिला मला."

आम्ही हसायचो. मीनल हसायची नाही. आमची रेवा रांगायला लागली तेव्हापासून तिला आत्याच्या डब्याची धास्ती बसली होती. घरातल्या प्रत्येक यंत्राचं पोट एकदा तरी उघडलेलं होतं आणि आत काय केलंय ते फक्त आत्याला माहीत. इस्त्रीच्या वायरीला तीन ठिकाणी टेप, गिझरचं बटण भलत्याच भिंतीवर, आणि मागच्या पडवीतला लोखंडी कूलर तर आत्याने इतक्यांदा जोडला होता की मूळचं त्यात पत्र्याशिवाय काही उरलं असेल का, याची शंकाच होती.

"आत्या, तुम्हाला सगळं येतं, मान्य आहे," मीनल एकदा जेवताना म्हणाली. "पण तुम्ही घरी नसाल तेव्हा कोणती वायर कुठे जाते हे आम्हाला काय माहीत?"

"म्हणून तर मी कुठे जात नाही," आत्या म्हणाली.

"नवा कूलर घेऊ या ना. चांगल्या कंपनीचा."

"नवा म्हणजे काय? ज्याला अजून कोणी तपासलं नाही तो." एवढं बोलून आत्याने वरणाच्या वाटीला पालथा हात लावला आणि ती भुरकायला लागली. मी दोघींच्या मध्ये बसून पोळीचे तुकडे करत राहिलो. त्या काळात माझं मुख्य काम तेच होतं.

त्याच सुमारास घरात आणखी एक संशय मूळ धरून होता, तो माझ्या आईचा. मागच्या अंगणात आईची तुळस होती. आई रोज न चुकता तिला तांब्याने पाणी घालायची, दिवा लावायची, आणि तरी तुळस दोन-तीन महिन्यांत करपून जायची. नर्मदेवर ग्वारीघाटाला गेली की फुलवाल्यांकडून आई नवं रोप आणायची, तेही तसंच जायचं. "वन्सं, ही तुळस काहून वाळून राहिली हो? काल तर हिरवी होती," आई विचारायची. आत्या पेपर वाचत असायची. आईचा दाट संशय पलीकडच्या भाभीवर होता, की ती भिंतीवरून साबणाचं पाणी टाकते. भाभी बिचारी संक्रांतीला तिळाचे लाडू घेऊन आली तर आईने ते घेतले, पण खाल्ले नाहीत.

या सगळ्यात मला खटकली ती एक वेगळीच गोष्ट. जन्मात कधी देवापुढे हात न जोडलेली आत्या रोज सकाळी आईला विचारायची, "वहिनी, तुळशीला पाणी घातलं?" कधी म्हणायची, "आज ऊन फार आहे, तांब्या नको, बादलीच घाला." मी मीनलला म्हणालो, आत्याचं वय झालं, देवाकडे वळून राहिली. मीनल म्हणाली, "मला नाही वाटत. काहीतरी आहे." संशयाची लागण तोवर तिलाही झाली होती.

मग त्या एप्रिलात आई घाटावर तुळशीचं रोप घेऊन परतताना पायरीवर घसरली आणि पाय मोडून बसली. माझी बहीण तिला नागपूरला घेऊन गेली. ही बातमी ऐकून आत्या दोन दिवस धड जेवली नाही. आईवर तिचा एवढा जीव आहे हे मला नव्यानेच कळलं, आणि मी हळवा झालो. लगेच पुढच्या आठवड्यात आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही, उन्हात जायचं नाही असं बजावलं. काळा चष्मा लावून ती पलंगावर बसून असायची आणि रोज सकाळी मला विचारायची, "मुन्ना, तुळशीला पाणी घातलं? बादलीभर?"

मी हो म्हणायचो. घातलेलं नसायचं. एक-दोनदा घातलं असेल, मग राहून गेलं. मे महिन्यात ऑफिस, स्वयंपाक, तिच्या डोळ्यात टाकायचे थेंब, यात एका करपलेल्या काडीला बादलीभर पाणी घालायचं मला जिवावर यायचं. आत्या सगळ्या जगावर संशय घेत होती, पण माझ्या त्या "हो" वर तिने घेतला नाही.

रेवा तेव्हा चार वर्षांची होती. सकाळी उठली की तोंड धुऊन ओल्या हातांनी पडवीत पळायची, चालू कूलरची जाळी दोन्ही हातांनी धरायची आणि आत तोंड खुपसून 'आऽऽ' करायची. आवाज थरथरत बाहेर यायचा आणि ती खिदळायची. आत्या रोज तिच्या आधी उठून कूलरला पालथा हात लावून यायची, ऑपरेशननंतरही. त्या दिवशी तिला उठायला उशीर झाला. मी चहा ठेवत होतो. रेवा मोरीतून पळत आली आणि तिच्या मागून आत्या जवळजवळ धावतच गेली. डॉक्टरांनी मना केलेलं सगळं तिने त्या चार पावलांत केलं. एका हाताने तिने रेवाला मागे ढकललं आणि दुसरा पालथा हात कूलरला लावला.

हात असा उडाला की ती तोल जाऊन भिंतीवर आदळली. "मुन्ना, मेन बंद कर! मेन!" मी धावत जाऊन मेन स्विच पाडला. परत आलो तेव्हा रेवा ओले हात पुढे धरून रडत उभी होती, आणि मीनलने तिला उचलून घेतलं. आत्याचा चष्मा खाली पडला होता. ती माझ्याकडे उघड्या, लाल डोळ्यांनी बघत होती.

"खरं सांग. तुळशीला पाणी घातलं होतं?"

मला संताप आला. पोरगी मरता मरता वाचली आणि हिला तुळस सुचते! मी तसं बोललोही, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. आत्याने मला हाताला धरून अंगणात नेलं आणि खुरपं दाखवून म्हणाली, "खण."

माती दगडासारखी झाली होती. वीतभर खाली खुरप्याला लोखंड लागलं. तुळशीच्या मातीत एक पाइप ठोकलेला होता, भोवती कोळसा आणि मीठ, आणि पाइपाला आवळलेली हिरवी वायर पडवीच्या कडेने थेट कूलरच्या पायापर्यंत गेली होती. आमच्या जुन्या घराच्या वायरिंगला अर्थिंग नव्हतंच. कूलरच्या अंगावर उतरलेला करंट जमिनीत जावा म्हणून आत्याने आपलं अर्थिंग स्वतः केलं होतं. ते चालतं माती ओली असली तरच. आणि रोज न चुकता पाणी पडेल अशी आमच्या घरात एकच जागा होती.

तुळस कशाने मरत होती तेही मला खड्ड्यात पांढरं पांढरं दिसलं.

"हे केव्हा केलंत?" रेवाला कडेवर घेऊन मीनल मागे उभी होती.

"ही रांगायला लागली तेव्हा."

"आणि आम्हाला सांगितलं काहून नाही?"

"वहिनीने तुळशीत मीठ टाकू दिलं असतं?" आत्या म्हणाली. मग पायरीवर बसली. "कूलरच्या पंपातून करंट येऊन राहिला असंल अशी शंका होती मला. पण जमिनीत जाते ना, जाऊ दे म्हटलं. सगळ्यांवर शंका घेतली मी मुन्ना, आपल्या जुगाडावर नाही घेतली. तू बरोबर म्हणत होतीस मीनल. बोलाव इलेक्ट्रिशियनला."

मी पाणी घातलं नव्हतं हे तेव्हा सांगायला हवं होतं. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. दगडासारखी माती तिने पाहिलीच होती.

इलेक्ट्रिशियन आला, नवं वायरिंग झालं, रीतसर अर्थिंग झालं, करंट उतरला की आपोआप पडणारा स्विच बसला. आत्या तिन्ही दिवस त्याच्या मागे खुर्ची टाकून बसली होती. "ये तार असली है ना, भैया?" असं तिने त्याला इतक्यांदा विचारलं की शेवटी तो चहाही न घेता गेला. नवा कूलर आला. आई नागपूरहून परतल्यावर आत्याने तिला सगळं सांगितलं. आई आठ दिवस तिच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन पलीकडच्या भाभीकडे गेली, आणि परत आल्यावर तिने आपल्या अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात नवं रोप लावलं. ती तुळस आता कमरेएवढी झाली आहे.

वाद एका गोष्टीवर तेवढा शिल्लक राहिला. रेवा आत्याचं बघून प्रत्येक वस्तूला पालथा हात लावायला शिकली होती आणि मीनलला ते मुळीच पसंत नव्हतं. "तिला हात लावायला शिकवू नका, लांब राहायला शिकवा," ती म्हणायची. आत्या मान डोलवायची. आणि दोघी, आजी आणि नात, मीनलची पाठ फिरली की फ्रिजला हळूच बोटं टेकवायच्या.

या जानेवारीत आत्या गेली. सकाळचा चहा घेतला, पडून राहते म्हणाली, आणि उठलीच नाही. बैठकीत तिला खाली निजवलं होतं. माणसं जमली होती. रेवा गर्दीतून वाट काढत पुढे आली, आत्याजवळ उकिडवी बसली आणि तिने आपली इवलीशी बोटं उलटी करून तिच्या हाताला हलकेच टेकवली.

"बाबा," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आत्याआजीमध्ये करंट नाही आहे."

मीनलने तिला मागे ओढलं नाही. मी तिच्या शेजारी बसलो, आणि आत्याचा हात सरळ तळव्याने धरला.